८ जीबीवर शिवजयंती निघेल का? रॅम वाढवायचा सल्ला हवाय

शाई_आणि_फ्लेक्स | २ फेब्रुवारी, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

सोलापूर, अशोक चौकाच्या आतल्या बाजूला घर. पुढच्या खोलीत माझं डिझायनिंग चालतं. फ्लेक्स, पत्रिका, लग्नाचे अल्बम. धाकटा भाऊ त्याच मशीनवर रात्री लग्नाचे टीझर कापतो. मशीन तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलं. ओळखीतला एक डिझायनर धंदा गुंडाळून हैदराबादला गेला, त्याचं. आय५ ८४००, एच३१० चा बोर्ड, ८ जीबी रॅम, २४० ची एसएसडी, १ टीबी हार्डडिस्क, १०५० टीआय ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड.

निवडणुकीच्या बॅनरांत कसंबसं निभावलं. आता १९ तारखेला शिवजयंती. एका मंडळाचा १० बाय २० करलालो, तर ब्रशचा एक फटका मारला की गोल चक्र फिरत बसतंय. काल सेव्हला लावून जेवायला बसलो, हात धुऊन आलो तरी पट्टी निम्म्यावरच. मंडळाचा पोरगा शेजारी खुर्ची टाकून बसलेला. "दादा, मशीन बदला की" हे त्याच्याकडून तीनदा ऐकून घेतलं.

दुकानात १६ जीबीच्या स्टिकचा भाव विचारला. दिवाळीत मित्रानं घेतली होती त्याच्या जवळजवळ तिप्पट सांगितला. वर म्हणे, "या जुन्या मशीनमध्ये पैसे घालू नका, नवीनच घ्या." वडील म्हणतात दोन्ही नको, हळू चालतंय तर हळू कर. काय करावं?

पुण्यातला_सोलापूरकर | २ फेब्रुवारी, रात्री ११:४१

भावा, ८ जीबीवर आजच्या काळात डिझायनिंग? ३२ टाक आणि विषय संपव. मी इथं व्हिडिओ एडिटिंग करतो, ६४ आहे, तरी कधी कधी कमी पडते.

कडक_भाकरी | २ फेब्रुवारी, रात्री ११:४८

६४ वर कापलेली तुझी रील ३० सेकंदांचीच असती की बे.

पुण्यातला_सोलापूरकर | २ फेब्रुवारी, रात्री ११:५२

३० सेकंदांसाठी ४० मिनिटांचं ४के फुटेज उघडावं लागतं, ते तुला दिसत नाही.

जुनाट_फॅन | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

थांबा जरा. तब्येत न बघता सलाईन लावायला निघालात सगळे. नवी पेठेत माझं रिपेअरिंगचं टेबल आहे. रॅम घालून गेलेला माणूस "काका, फरक काही नाही" म्हणत आठवड्यात परत येतो, हे वर्षानुवर्षं बघतोय. म्हणून आधी मला चार गोष्टी सांग.

तोच बॅनर उघड, मशीन घुटमळायला लागलं की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाब. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. किती वापरात आहे, खाली "कमिटेड" समोर काय आकडा आहे, "स्लॉट्स यूज्ड" समोर काय लिहिलंय, तिन्ही सांग. मग त्याच खिडकीत डिस्क बघ, कुठली डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलीय ते. फोटोशॉपमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात फाईलचा साईज दिसतो, त्याच्या शेजारच्या बाणावर क्लिक करून "एफिशियन्सी" निवड आणि तो टक्का सांग. चौथं म्हणजे बॅनरचं रिझोल्यूशन किती ठेवलंस?

हातमागाची_नात | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

काकांना जोड. एफिशियन्सी म्हणजे काय ते आमच्या घरच्या भाषेत सांगते. मागाशेजारी कांड्यांची पेटी असते. धोट्यातली कांडी संपली की पेटीतून दुसरी घ्यायची, माग थांबत नाही. पेटीच रिकामी झाली तर पोरगं गोदामात पळतं आणि तोवर माग उभा. रॅम म्हणजे ती पेटी, डिस्क म्हणजे गोदाम. एफिशियन्सी १०० असेल तर सगळं पेटीत आहे. आकडा खाली गेला की पोरगं पळायला लागलं म्हणायचं.

आणि गोदाम किती लांब आहे त्यावरही आहे. हार्डडिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबी देते, तेही सलग वाचायला मिळालं तर. साधी साटा एसएसडी ५०० च्या घरात. डीडीआर४ २६६६ ची (तुझ्या मशीनला लागते त्या प्रकारच्या रॅमची) एक स्टिक कागदावर सेकंदाला २१ जीबी.

शाई_आणि_फ्लेक्स | ३ फेब्रुवारी, रात्री १०:०५

काका, तुम्ही म्हणालात तसं केलं. वापरात ७.४, एकूण ७.९. कमिटेड २४ पैकी १९ वगैरे दिसतंय. डी ड्राईव्ह १०० टक्के, सी मात्र निवांत. एफिशियन्सी ३१. स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २. स्पीड २४००.

रिझोल्यूशन आठवत नाही, जुनी फाईल उघडून त्यातच नवीन करतो. एक विचित्र गोष्ट, सेव्ह करताना पीएसडीत होतच नाही, पीएसबी कर म्हणतंय. पूर्वी असं होत नव्हतं.

जुनाट_फॅन | ३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

सापडलं बघ. पीएसडीला एका बाजूला ३०,००० पिक्सेलची मर्यादा आहे, त्यापुढं पीएसबीच करावी लागते. म्हणजे तुझ्या बॅनरची लांबी ३०,००० च्या वर गेलीय. २० फूट म्हणजे २४० इंच. माझा अंदाज १५० डीपीआय (इंचाला १५० ठिपके), म्हणजे लांबी ३६,००० आणि उंची १८,०००. इमेज साईजमध्ये बघून सांग.

तसं असेल तर हिशेब असा. ३६,००० गुणिले १८,००० म्हणजे ६४ कोटी ८० लाख पिक्सेल. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, एका पिक्सेलला ४ बाइट. पूर्ण भरलेला एकच लेअर २.६ जीबी. तुझ्याकडं रॅमच ८. फोटोशॉप मूळ सेटिंगला मोकळ्या मेमरीतली ७० टक्के घेतं, तुझ्या मशीनवर ती साडेचारच्या आसपास. दोन लेअर भरले की पेटी रिकामी.

१०० टक्क्यांवर डी आहे म्हणजे स्क्रॅच डिस्क (रॅम भरली की फोटोशॉप उरलेलं जिथं टाकतं ती जागा) हार्डडिस्कवर ठेवलीय कुणीतरी. एडिट, प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्स. तिथं डीची खूण काढून सीला, म्हणजे एसएसडीला लाव. पण आधी सीवर जागा कर, निदान ६०-७० जीबी मोकळे.

रिप_ऑपरेटर | ३ फेब्रुवारी, रात्री ११:१२

मी फ्लेक्सच्या मशीनवरच असतो, म्हणून बोलतो. १० बाय २० ला १५० कुणी सांगितलं? चौकात टांगणार, खालून माणूस २५-३० फुटांवरून बघणार. आमच्याकडं ३०० ची फाईल आली तर आम्हीच ती ७२ करून रिपला (फाईल छपाईच्या मशीनसाठी तयार करणारं सॉफ्टवेअर) टाकतो, कारण आमचं मशीनही गुदमरतं. डिझायनर तिकडं रात्रभर चक्र बघत बसतो आणि इथं त्याचे पिक्सेल आम्ही एका क्लिकमध्ये फेकतो. जवळून बघायचा बॅनर असेल, स्टेजमागचा वगैरे, तर १०० ठेव. बाकी ७२ पुरे.

आणि कृपा करून मजकूर कोरलमध्ये टाका, फोटोशॉपात नको. व्हेक्टरमध्ये अक्षर कितीही मोठं करा, वजन वाढत नाही आणि कडाही साफ येतात.

शाई_आणि_फ्लेक्स | ४ फेब्रुवारी, रात्री १२:४०

काका, १५० च निघालं. तीन वर्षांपूर्वी मशीनसोबत ज्या फाईली आल्या, त्यातलीच एक टेम्प्लेट म्हणून वापरतोय. ज्याची होती त्यानं १५० ठेवलेलं, मी कधी बघितलंच नाही.

७२ ला करून बघितलं. ८,६४० बाय १७,२८०. लेअर ६०० एमबीच्या आत. सेव्ह पीएसडीतच होतंय. स्क्रॅच सीवर घेतली, त्यासाठी भावाचं जुनं फुटेज हलवलं, त्यावरून आज घरात भांडण झालं. पण एफिशियन्सी अजून ७०-७५ च्या पुढं जात नाही. एक चेहरा उचलून दुसरीकडं ठेवला तरी आकडा ढासळतोय. यात ४२ चेहरे आहेत.

कडक_भाकरी | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

४२ चेहरे, त्यातल्या ४० जणांचा गॉगल आणि २ जणांचा फोन कानाला. मंडळाचा अध्यक्ष कुठला ते शेवटपर्यंत कळत नाही.

रिप_ऑपरेटर | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

चेहरे कसे आले तुझ्याकडं? व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवतोस का?

शाई_आणि_फ्लेक्स | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

हो, साधे पाठवले की फुटतात म्हणून डॉक्युमेंटच सांगतो. ५० मेगापिक्सेलचे फोटो असतात पोरांचे. मी प्लेस करून स्मार्ट ऑब्जेक्ट ठेवतो, नंतर लहानमोठं करावं लागतं म्हणून.

हातमागाची_नात | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

मग उरलेली कांडी तिथंच अडकलीय. ५० मेगापिक्सेल म्हणजे उघडल्यावर १५० एमबी. स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये मूळ फोटो पूर्णच्या पूर्ण फाईलच्या पोटात राहतो. बॅनरवर तो चेहरा वीतभर असो नाहीतर हातभर. ४२ गुणिले १५० म्हणजे सव्वासहा जीबी, तेही बॅनरचं बाकी काहीच न धरता.

मी असं करते: चेहरा वेगळ्या फाईलीत कट करायचा, बॅनरवर लागतो त्याच्या दीडपट साईजला आणायचा आणि मगच आत न्यायचा. दीडपट एवढ्यासाठी की अध्यक्ष ऐनवेळी "माझा मोठा करा" म्हणतोच. मूळ फोटो फोल्डरमध्ये असतातच.

अजून एक. हिस्टरी स्टेट्स नव्या फोटोशॉपमध्ये ५० असतात. मोठ्या बॅनरला २० वर आण, प्रत्येक पाऊल मागं जायची सोय मेमरी खाते. आणि मधूनमधून एडिट, पर्ज, ऑल. पण पर्ज केलं की मागं जाता येत नाही, हे एकदा रडून शिकलेय.

रेघोट्या | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

धाग्यात घुसते, माफ करा. मी जुळे सोलापूरला राहते, शाळेत चित्रकला शिकवते. मुलांच्या गोष्टींची चित्रं क्रितामध्ये काढते. लॅपटॉप ८ जीबीचा आहे. लेअर ४०-५० झाले की ब्रश मागं राहतो. मलाही रॅम लागेल का? आणि लॅपटॉपमध्ये वाढवता येते का नाही हे कसं कळतं?

जुनाट_फॅन | ४ फेब्रुवारी, रात्री ९:२०

ताई, घुसलात ते बरं झालं, यांच्या बॅनरमधून डोकं बाहेर तरी निघालं.

तीच टास्क मॅनेजरची खिडकी, मेमरी. तिथं "फॉर्म फॅक्टर" असं लिहिलेलं असतं. समोर "एसओडिम" असेल तर स्टिक काढता-घालता येते. "रो ऑफ चिप्स" असेल तर रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलीय, वाढवायचा विषय मिटला. कधी कधी अर्धी डागलेली आणि एक स्लॉट रिकामा असंही असतं. नव्या मॅकमध्ये मेमरी प्रोसेसरच्या सोबतच बसवलेली येते, तिथं घेतानाच जी घ्याल ती.

तुमचा कागद केवढा असतो?

रेघोट्या | ४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

ए४, ३०० डीपीआय. एसओडिम आहे, १ ऑफ २.

हातमागाची_नात | ४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

ताई, ए४ ३०० ला २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल होतात. एक लेअर ३५ एमबी. ५० लेअर पावणेदोन जीबी. क्रिता त्यावर स्वतःचं काही घेईल, तरी ८ मध्ये बसायला हवं. सोबत ब्राउझरचे २५ टॅब उघडे असतात का? रेफरन्ससाठी? ते बंद करून एकदा बघा. ब्रश मोठा आणि पोताचा असेल तर तो प्रोसेसरवर भार टाकतो, तिथं रॅम वाढवून काही होत नाही.

मी आधी चादरीचं डिझाईन करायचे. २,६८८ हुकांचा जकार्ड (मागावर नक्षी उठवणारं यंत्र) म्हणजे रुंदीला २,६८८ ठिपके, रंग मोजके, इंडेक्स्ड फाईल. ४,००० ओळींचं डिझाईन धरलं तरी ११ एमबीच्या आत. ते ४ जीबीच्या मशीनवर पळायचं. आमच्या आजोबांकडं तर पुठ्ठ्याची कार्डं होती, एक भोक चुकलं की अख्खं कार्ड नव्यानं. तिथं अनडू नव्हतंच.

पुण्यातला_सोलापूरकर | ४ फेब्रुवारी, रात्री १०:४०

हे सगळं ठीक. पण एक स्लॉट रिकामा आहे, भाऊ टीझर कापतो, मग आज ८ ची का होईना एक स्टिक घेऊन टाक. भाव उतरायची वाट बघू नकोस. डीरॅम, म्हणजे रॅममधल्या चिपा, मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडं तिघींचा कल आहे. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करणार म्हणून जाहीरच केलं. डीडीआर४ तर जुनी, ती बनवण्यात कुणाला रस राहिलाय?

कडक_भाकरी | ४ फेब्रुवारी, रात्री १०:५१

म्हणजे कुठंतरी एआय चित्र काढणार म्हणून इथं अशोक चौकातल्या पोराला चित्र काढायला रॅम महाग. लई भारी.

जुनाट_फॅन | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

पुणेकरांचं भावाबद्दल खरं आहे. घ्यायचीच असेल तर जुन्या ऑफिसच्या मशीनमधली डीडीआर४ शोधावी. फक्त ऑनलाइन "सर्व्हर रॅम" म्हणून स्वस्तात मिळते तिच्या नादी लागू नका. ती रजिस्टर्ड ईसीसी असते, या बोर्डावर चालणार नाही. गेल्या महिन्यात एकानं दोन आणल्या, आता त्या पेपरवेट म्हणून वापरतो.

पण शाई, मला एक गोष्ट खटकतेय. आय५ ८४०० आणि एच३१०, दोन्ही २६६६ ला चालतात. तुझी २४०० दाखवतेय, म्हणजे स्टिकच २४०० ची. असेल, जुनी लावली असेल. पण डिझायनरचं मशीन, १०५० टीआय घातलेलं, आणि रॅम एकच ८ ची? मला पटत नाही. कॅबिनेट कधी उघडलंस?

शाई_आणि_फ्लेक्स | ५ फेब्रुवारी, दुपारी १:१५

तीन वर्षांत एकदाही नाही काका. भीती वाटते.

जुनाट_फॅन | ५ फेब्रुवारी, दुपारी १:४०

आज उघड. मशीन बंद कर, मागची वायर काढ, मग पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धर. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लाव, अंगातली वीज तिथं जाऊ दे. डावीकडचा पत्रा काढ आणि फोटो टाक. काही ओढायचं नाही अजून.

शाई_आणि_फ्लेक्स | ५ फेब्रुवारी, रात्री १०:५५

फोटो टाकतोय, बघून हसू नका.

आमच्या भिंतीला लागून पॉवरलूमचा कारखाना आहे. दिवसभर खडखड असते, तिची सवय झालीय. पण रुई उडून खिडकीतून आत येते हे डोक्यातच नव्हतं. प्रोसेसरच्या पंख्यावर पांढरी गादी झालीय, बोट लावलं तर अख्खा पापुद्रा निघाला, आईच्या जुन्या शालीसारखा. आणि काका, स्टिक दोन आहेत. दोन्ही स्लॉटमध्ये. दुसरीच्या कडेला रुई आणि काळा थर, आणि एका बाजूची खिटी पूर्ण बसलेलीच नाही.

जुनाट_फॅन | ५ फेब्रुवारी, रात्री ११:०४

हसत नाही. पूर्व भागातून येणाऱ्या दर दोन मशीनमागं एकाची हीच गत असते.

दोन्ही बाजूंच्या खिट्या उघड, दुसरी स्टिक सरळ वर काढ. सोनेरी पट्टीला बोट लावू नकोस. पांढरा साधा खोडरबर घे, शाळेतला. दोन्ही बाजूंनी पट्टी हलक्या हातानं पूस. हे स्लॉटपासून लांब करायचं, रबराचा चुरा आत पडता कामा नये. स्लॉटमध्ये तोंडानं फुंकू नकोस, थुंकी उडते. कोरड्या मऊ ब्रशनं झाड. खाच जुळवून दोन्ही टोकं दाब, "टक" आवाज दोन्हीकडून आला पाहिजे.

शाई_आणि_फ्लेक्स | ६ फेब्रुवारी, रात्री १२:३२

काका, स्क्रीन काळी. बीप वाजतोय, थांबून थांबून. काय करून बसलो मी?

जुनाट_फॅन | ६ फेब्रुवारी, रात्री १२:३५

घाबरू नकोस. एकच "टक" आला असणार. वायर काढून दोन्ही स्टिक पुन्हा बसव. जोर लाव, बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटतो, तेवढं चालतं.

शाई_आणि_फ्लेक्स | ६ फेब्रुवारी, रात्री १२:५८

आलं. १६.० जीबी. २ ऑफ २.

आई उठून विचारतेय एवढ्या रात्री कशाला ओरडलास.

कडक_भाकरी | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

तीन वर्षं घरात ८ जीबी रॅम आणि ५ किलो रुई. एक चादर निघाली असती.

पुण्यातला_सोलापूरकर | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

अभिनंदन. शिवाय दोन्ही स्टिक सारख्याच क्षमतेच्या, म्हणजे ड्युअल चॅनेलही (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरायची सोय) मिळाला. पण लगेच क्लायंटचं काम टाकू नकोस. जी स्टिक एवढे दिवस अर्धवट बसलेली, ती तपास आधी. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घे, रात्रभर लाव. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, पुरे आहेत. एकही चूक निघाली तर ती स्टिक काढून टाक. खराब रॅम कमी रॅमपेक्षा वाईट, फाईल कधी खराब झाली ते कळतही नाही.

शाई_आणि_फ्लेक्स | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

पहिल्या रात्री तिसऱ्या फेरीत लाईट गेली. दुसऱ्या रात्री पुन्हा लावलं, सकाळी चार फेऱ्या पूर्ण, चूक शून्य.

आता खरं सांगतो. शनिवारी तोच ४२ चेहऱ्यांचा बॅनर ७२ ला, चेहरे आधी लहान करून बसवला. एफिशियन्सी १०० वरून हलली नाही. मग गंमत म्हणून एक स्टिक काढून ८ वर तोच बॅनर उघडला. ९६-९७. म्हणजे बॅनरपुरतं बोलायचं तर या मशीनला ८ पण पुरत होती, मीच तिच्या डोक्यावर डोंगर ठेवला होता.

अल्बमला मात्र फरक दिसला. १२ बाय ३६ चं पान, ३०० डीपीआय, १५-१६ लेअर, आणि मी चार पानं एकदम उघडी ठेवतो. ८ वर ते अडखळतंच होतं, १६ वर सुरळीत.

भावाचा टीझर जसा होता तसाच आहे. प्लेबॅक अडकतोय. तो म्हणतो अजून १६ टाकू.

पुण्यातला_सोलापूरकर | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०५

फुटेज कुठलं ते विचार त्याला. एच.२६५, १०-बिट, ४:२:२ (व्हिडिओ दाबून साठवायचा एक जड प्रकार) असेल तर रॅम टाकून काहीही होणार नाही, हे मी ६४ वाला माणूस सांगतोय. इंटेलच्या ८व्या पिढीच्या चिपमध्ये ते फुटेज हार्डवेअरमधून उलगडायची सोय नाही, डेस्कटॉपवर ती ११व्या पिढीपासून आली. १०५० टीआयलाही जमत नाही. सगळा भार प्रोसेसरवर जातो. त्याला प्रॉक्सी बनवायला सांग: रात्री लावून झोपायचं, सकाळी हलक्या फाईलींवर एडिट, शेवटी मूळ फुटेजवर रेंडर.

शाई_आणि_फ्लेक्स | ८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

तेच निघालं, ४:२:२. त्यानं आज प्रॉक्सी केल्या, आता गप्प आहे.

ठरवलं असं की आत्ता रॅम घेत नाही. त्या पैशात खिडकीला जाळी आणि यूपीएसची नवी बॅटरी. लाईट जाते तेव्हा सेव्ह व्हायला तरी वेळ मिळेल. वडिलांना सांगितलं, ते म्हणाले "मी म्हणलं नव्हतं का." काय म्हणले होते ते विचारलं नाही.

हातमागाची_नात | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४८

जाळी बारीक छिद्रांची घे, डासांची असते ती. आणि दर महिन्याला ब्रश. एप्रिलात ४२-४३ डिग्री झालं की त्या गादीवाल्या पंख्यानं प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, तेव्हा पुन्हा "रॅम टाकू का" म्हणून धागा काढशील.

रेघोट्या | ९ फेब्रुवारी, दुपारी ४:३५

टॅब बंद करून बघितलं. ब्रश बराच सुधारला, पण ५० लेअरनंतर अजून किंचित मागं राहतो. हे सगळं वाचून धीर आला म्हणून मीही लॅपटॉपचं खालचं झाकण उघडायला घेतलं. सात स्क्रू निघाले. आठवा चांदणीसारख्या डोक्याचा आहे, माझ्याकडचा कुठलाच पेचकस बसत नाही. चाकूनं प्रयत्न करू का?

जुनाट_फॅन | ९ फेब्रुवारी, दुपारी ४:३७

ताई, चाकू खाली ठेवा. शाळा सुटली की नवी पेठेत या, टॉर्क्सचा पेचकस माझ्या टेबलावर आहे. सात स्क्रू एका डबीत घालून आणा, त्यातला एक लांब असतो, तो कुठून निघाला ते लक्षात ठेवा.

रेघोट्या | ९ फेब्रुवारी, दुपारी ४:४१

सगळे एकत्रच ठेवलेत वाटीत.